ऱ्हाइनच्या खोऱ्यातले किल्ले आणि जुनी गावं: आधी प्रवाह बघा, मग तिकीट काढा

सकाळी जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीवर, कोब्लेन्झच्या धक्क्यावर बोटीत बसायचं, रुडेसहाइमला उतरायचं, वाटेत तीन किल्ले आतून बघायचे आणि रात्री फ्रँकफर्टला घरी जेवायला. हा बेत दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मला पाठवतं आणि विचारतं, "जमेल ना?" बहुतेकदा आईवडील महाराष्ट्रातून आलेले असतात, मुलाला एकच शनिवार-रविवार मोकळा असतो आणि त्या दोन दिवसांत सगळं बसवायचं असतं.

जमत नाही. ती बोट प्रवाहाच्या उलट जाते आणि पूर्ण अंतराला सहा तासांच्या आसपास घेते. वाटेत एका गावी उतरलं तर पुढच्या बोटीची वाट बघण्यात दुपार जाते. तोवर किल्ल्याची शेवटची फेरी निघून गेलेली असते.

म्हणून बिंगेन-रुडेसहाइमपासून कोब्लेन्झपर्यंतच्या ६५ किलोमीटरच्या दरीसाठी हा क्रम लिहितो आहे. आधी नदीची दिशा, मग तीर, मग मुक्काम, मग किल्ल्याची वेळ आणि सगळ्यात शेवटी तिकीट. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात.

टप्पा १: नकाशा घ्या आणि दोन तीर वेगळे करा

नदी बिंगेनकडून कोब्लेन्झकडे, म्हणजे ढोबळमानाने दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. प्रवाहाच्या दिशेने तोंड केलं की डाव्या हाताला बिंगेन, ट्रेख्टिंग्सहाउझेन, बाखाराख, ओबरवेझेल, सांक्ट गोआर, बोपार्ड आणि कोब्लेन्झ ही गावं येतात. उजव्या हाताला रुडेसहाइम, लोर्ख, काउब, सांक्ट गोआर्सहाउझेन, काम्प-बोर्नहोफेन आणि ब्राउबाख.

दोन्ही तीरांवर रेल्वे आहे, पण हे मार्ग वेगळे आहेत. मधल्या पट्ट्यात नदीवर एकही पूल नाही. सांक्ट गोआर आणि सांक्ट गोआर्सहाउझेन समोरासमोर आहेत, नावंही सारखी आहेत, पण एकातून दुसऱ्यात जायचं तर फेरीबोटच हवी. दाभोळ-धोपावेला माणसं आणि गाड्या एकत्र नेणारी फेरीबोट असते, तशाच या असतात. बिंगेन-रुडेसहाइम, नीडरहाइमबाख-लोर्ख, काउब, सांक्ट गोआर आणि बोपार्ड या ठिकाणी त्या मिळतात.

सावधान: काउबची फेरीबोट पलीकडे एखाद्या गावात उतरवत नाही. ती बाखाराख आणि ओबरवेझेलच्या मधोमध मोकळ्या रस्त्यावर सोडते. तिथून बाखाराखला नदीकाठच्या वाटेने चालत पाऊण तास लागतो. वाट सपाट आणि सुंदर आहे, पण हातात बॅगा आणि सोबत दमलेलं मूल असेल तर हा पाऊण तास फार लांब वाटतो.

तपासा: बेतातलं प्रत्येक ठिकाण कोणत्या तीरावर आहे ते नावापुढे 'डा' किंवा 'उ' लिहून ठेवा. एका दिवसात 'डा-उ-डा-उ' असं दिसलं तर तो बेत मोडा. दिवसात एकदाच नदी ओलांडायची, फार तर दोनदा.

टप्पा २: महिना ठरवा, मग वार

एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध, हे दोन काळ उत्तम. नोव्हेंबर ते मार्च बरेच किल्ले बंद किंवा फक्त शनिवार-रविवारी उघडे असतात. प्रवासी बोटींचा मोसमही वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच असतो. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी कोब्लेन्झ आणि मार्क्सबुर्ग किल्ला धरावा, बाकीचं बाहेरून बघायची तयारी ठेवावी.

वाराचा विचार जवळपास कुणीच करत नाही. सरकारी मालकीचे अनेक किल्ले सोमवारी बंद असतात आणि गावातल्या खानावळीही आठवड्यातून एक-दोन दिवस बंद ठेवतात. दारावर 'रूएटाग' अशी पाटी दिसली की त्या दिवशी तिथे जेवण नाही. रविवारी दुकानं बंद. म्हणजे रविवार-सोमवार हा जोड सुट्टीसाठी सोयीचा असला तरी या दरीसाठी सगळ्यात वाईट. शुक्रवार-शनिवार घ्या, किंवा शनिवारी लवकर निघून रविवारी परत या.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी कोब्लेन्झला 'ऱ्हाइन इन फ्लामेन', म्हणजे नदीवरची मोठी आतषबाजी असते. ती बघायची नसेल तर ती तारीख टाळा, कारण खोल्या कितीतरी आधी भरतात. सप्टेंबरमध्ये सांक्ट गोआर आणि ओबरवेझेलच्या बाजूलाही हाच सोहळा होतो.

टप्पा ३: मुक्काम एकाच गावी, आणि खोली मागच्या बाजूची

रोज गाव बदलू नका. दरीतली स्थानकं लहान आहेत. तिथे सामान ठेवायला जागा नसते आणि काही ठिकाणी जिने चढावे लागतात. सामानाचे लॉकर हवे असतील तर कोब्लेन्झचं मुख्य स्थानक गाठा.

माझी पसंती बाखाराखला. संध्याकाळी पाहुणे परतले की गाव शांत होतं, आणि १३६८ सालचं लाकडी चौकटीचं 'आल्टेस हाउस' दिव्यांच्या उजेडात गर्दीशिवाय बघता येतं. वर श्टालेक किल्ल्यात युवा वसतिगृह आहे. किल्ल्यात झोपण्याचा हा स्वस्तातला मार्ग, पण चढ दमछाक करणारा आहे आणि चाकाची बॅग ओढत नेता येत नाही. गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील तर हट्ट सोडून कोब्लेन्झला राहा. तिथे रस्ते सपाट आहेत, दुकानं भरपूर आहेत आणि दोन्ही तीरांच्या गाड्या तिथूनच निघतात.

सावधान: 'नदीचं दृश्य' असलेली खोली म्हणजे बहुतेक वेळा रेल्वेच्या रुळांवरची खोली. दोन्ही तीरांवरून रात्रभर मालगाड्या जातात आणि अरुंद दरीत तो आवाज घुमतो. आरक्षण करताना गावाच्या आतल्या गल्लीची किंवा मागच्या अंगणाकडची खोली मागा. नदी दिवसभर दिसणारच आहे, रात्री झोप महत्त्वाची. पहिल्या खेपेला मी हे कुणाला विचारलं नव्हतं आणि दुसरा दिवस पेंगत काढला.

टप्पा ४: आतून बघायचे किल्ले निवडा. दिवसाला एक, फार तर दोन

दरीत चाळीसच्या आसपास किल्ले, गढ्या आणि अवशेष आहेत, पण सगळ्यांत प्रवेश मिळत नाही. हे न तपासता चढ चढणारी माणसं मी दर वेळी बघतो. सांक्ट गोआर्सहाउझेनच्या वरचा कात्स किल्ला खाजगी आहे. तो खालून किंवा समोरच्या तीरावरून बघायचा. काउबच्या वरचा गुटेनफेल्सही खाजगीच. ओबरवेझेलच्या श्योनबुर्गमध्ये हॉटेल आहे. तिथे बुरुजातलं संग्रहालय बघता येतं, सगळा किल्ला फिरता येत नाही.

आत जाण्यासाठी पुढच्यांतून निवडा.

मार्क्सबुर्ग, ब्राउबाख (उ). मध्य ऱ्हाइनवरचा कधीही उद्ध्वस्त न झालेला हा एकमेव डोंगरी किल्ला. म्हणून एकच किल्ला बघायचा असेल तर हाच. स्वयंपाकघर, तोफांचा सज्जा, शस्त्रं, औषधी झाडांची बाग, सगळं एका ओळीत समजतं. आत मार्गदर्शकासोबतच जाता येतं, फेरी साधारण पाऊण-एक तासाची. इंग्रजी फेऱ्या मोजक्याच असतात, त्यामुळे आधी त्यांची वेळ बघा आणि त्याभोवती दिवस रचा. जर्मन फेरीत शिरावं लागलं तर तिकीटखिडकीवर इंग्रजी छापील माहिती मागा. प्रवेशालाच कातळात खोदलेल्या उंचसखल पायऱ्या आहेत, त्यामुळे काठी लागणाऱ्या माणसाला हा किल्ला झेपणार नाही.

ऱ्हाइनफेल्स, सांक्ट गोआर (डा). हे भव्य अवशेष आहेत. १२४५ मध्ये उभारलेल्या या किल्ल्याने १६९२ मध्ये फ्रेंचांचा वेढा परतवला आणि १७९७ मध्ये फ्रेंच सैन्यानेच तो उडवला. आपल्याकडच्या गडांवर हिंडलेल्या माणसाला इथे लगेच आपलंसं वाटतं, कारण तटावरून, तळघरांतून स्वतःच्या पायांनी फिरता येतं. विजेरी न्या, मोबाइलचा उजेड अंधाऱ्या वाटांत पुरत नाही. दुरुस्तीमुळे काही भाग बंद असतो, तेव्हा आज काय उघडं आहे हे तिकीट घेण्याआधी विचारा.

प्फाल्त्सग्राफेनश्टाइन, काउब (उ). नदीच्या मधोमध खडकावर उभा असलेला जकात-किल्ला, बांधणीची सुरुवात १३२७ च्या सुमाराची. जहाजांकडून कर कसा वसूल होत असे हे इथे उभं राहिलं की कळतं. काउबच्या काठावरून छोटी बोट नेते. पाणी फार चढलं तर ती बंद, आणि सहसा सोमवारीही बंद.

ऱ्हाइनश्टाइन, ट्रेख्टिंग्सहाउझेनजवळ (डा). १८२० च्या दशकात प्रशियाच्या राजपुत्राने नव्याने बांधून घेतलेला. उचलता पूल आणि रंगीत काचा आहेत, स्वतःच फिरता येतं, मुलांना आवडतो. गावाजवळच रायखेनश्टाइनही आहे, दोन्ही मिळून एक निवांत दिवस होतो.

श्टोल्त्सेनफेल्स, कोब्लेन्झजवळ (डा). हा लढाऊ किल्ला नव्हे, एकोणिसाव्या शतकात सजवलेला राजवाडा. फरशी जपण्यासाठी बुटांवर कापडी सपाता चढवाव्या लागतात.

एल्त्स किल्ला मला मुद्दाम वगळावा लागतो. त्याचा फोटो बघून लोक तो याच दिवसांत कोंबतात, पण तो ऱ्हाइनवर नाही. तो मोझेल या दुसऱ्या नदीच्या बाजूला, मोझेलकर्न स्थानकापासून जंगलातून तासाभराहून जास्त चालत आहे आणि हिवाळ्यात बंद असतो. त्याला वेगळा दिवस द्या, तो त्या दिवसाचं सोनं करतो.

तपासा: प्रत्येक किल्ल्याची 'शेवटचा प्रवेश' ही वेळ लिहा. बंद होण्याची वेळ लिहून उपयोग नाही. दोन्हींत तासाभराचा फरक असू शकतो.

टप्पा ५: दिवस रचा

बाखाराखला मुक्काम धरून मी असा क्रम देतो.

पहिला दिवस, डावा तीर. सकाळी न्याहारीनंतर लगेच गावाच्या तटावर चढा. द्राक्षमळ्यांच्या कडेने पोस्टेनटुर्म बुरुजापर्यंत जा. तिथून छपरं, छत नसलेलं वेर्नेर प्रार्थनालय, वर श्टालेक आणि खाली नदी एकदम दिसते. डाव्या तीरावरच्या गावांवर सकाळचं ऊन पडतं, दुपारनंतर मागच्या डोंगराची सावली उतरते. म्हणून हे सकाळीच. मग बोट पकडून सांक्ट गोआरपर्यंत या. प्रवाहाबरोबर हा पल्ला पाऊण तासाचा आहे आणि संपूर्ण दरीतला सगळ्यात भरगच्च भाग याच पाऊण तासात येतो: नदीतला जकात-किल्ला, ओबरवेझेलचे बुरुज, लोरेलायचा कडा, कात्स. हाच प्रवास उलट दिशेने केला तर तासाहून जास्त लागतो. पूर्ण ६५ किलोमीटर बोटीने करण्याचा हट्ट धरू नका. तिसऱ्या तासाला मुलं आणि आजी-आजोबा दोघंही कंटाळतात.

दुपारी ऱ्हाइनफेल्स. परतताना रेल्वेने ओबरवेझेलला उतरा. तिथला तट शाबूत आहे, बरेच बुरुज उभे आहेत, वरून चालता येतं आणि पैसे पडत नाहीत. संध्याकाळी समोरचा तीर उन्हात असतो, फोटो तेव्हाच काढा. नंतरच्या गाडीने बाखाराख काही मिनिटांवर.

दुसरा दिवस, उजवा तीर. लवकरच्या गाडीने कोब्लेन्झ, तिथे गाडी बदलून ब्राउबाख. स्थानकापासून मार्क्सबुर्गचा चढ अर्ध्या तासाचा धरा. फेरी संपली की उजव्या तीरानेच दक्षिणेला काउबपर्यंत या, तिथे नदीतला किल्ला बघा आणि फेरीबोटीने पलीकडे. हा क्रम उलटा करू नका. काउब आधी केलंत आणि बोटीला उशीर झाला तर मार्क्सबुर्गची इंग्रजी फेरी हुकते; मार्क्सबुर्ग आधी केलंत तर मागचा वेळ तुमच्या हातात राहतो.

तिसरा दिवस मिळाला तर ऱ्हाइनश्टाइन आणि बिंगेनहून पलीकडचं रुडेसहाइम. किंवा कोब्लेन्झ: मोझेल आणि ऱ्हाइनचा संगम, आणि तिथून नदीवरून जाणाऱ्या रोपवेने एहरेनब्राइटश्टाइनचा किल्ला. चढ न चढता मोठा किल्ला बघण्याचा या दरीतला हा सगळ्यात सोपा मार्ग.

सावधान: फेरीबोटी रात्रभर चालत नाहीत. पलीकडे जेवायला जाणार असाल तर शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच्या पाटीवर आधी वाचा. ती चुकली तर वळसा कोब्लेन्झवरून किंवा माइंझवरून.

टप्पा ६: आता तिकीट

'डॉइचलांड-टिकेट' हा मासिक पास स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो. जानेवारी २०२६ पासून त्याची किंमत महिन्याला ६३ युरो आहे. पाहुण्यांनाही तो घेता येतो, पण तो दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. रद्द करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. हे विसरून भारतात परतलेल्यांच्या खात्यातून पुढचा महिना कापला गेल्याचं मला माहीत आहे. आयसी आणि आयसीई या वेगवान गाड्यांत तो चालत नाही. त्या गाड्या तशाही लहान गावांना थांबत नाहीत. नदीवरच्या प्रवासी बोटींचं तिकीट वेगळंच.

दोन ते पाच जण एक-दोन दिवसांसाठी येत असतील तर राज्याचं दिवसाचं गट-तिकीट स्वस्त पडतं. दोन चुका टाळा. ऱ्हाइनलांड-फाल्त्सचं हे तिकीट सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊपासून लागू होतं, आठच्या गाडीत ते दाखवून उपयोग नाही. आणि उजव्या तीरावर लोर्ख, आस्मान्सहाउझेन, रुडेसहाइम ही गावं हेसेन राज्यात आहेत, काउबपासून उत्तरेला ऱ्हाइनलांड-फाल्त्स लागतं. तिकीट राज्याची हद्द ओलांडतं का, हे घेण्याआधी बघा. तिकिटावर नावं लिहायची राहिली तर तपासनीस ते अमान्य करू शकतो.

गाडीत कुठे बसायचं तेही ठरवून ठेवा. डाव्या तीराने कोब्लेन्झहून बिंगेनकडे जाताना नदी डाव्या बाजूला, येताना उजव्या. उजव्या तीरावर नेमकं उलट.

टप्पा ७: खाणं, नाणी, बूट

खानावळीचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं. मुंबई-पुण्याच्या सवयीने साडेतीनला जेवायला गेलात तर केक आणि कॉफीवर भागवावं लागतं. शाकाहारी माणसाने 'मांस नको' एवढंच सांगून थांबू नये. पातळ रोटीसारख्या 'फ्लामकूखेन'वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. 'ओने श्पेक', म्हणजे त्या तुकड्यांशिवाय, असं स्पष्ट सांगा. सूप भाज्यांचं असलं तरी ते कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा. सोबत दशम्या आणि चटणी असेल तर दुपारचा प्रश्नच मिटतो, नदीकाठी बाक जागोजागी आहेत.

रोख रक्कम आणि सुटी नाणी जवळ ठेवा. फेरीबोट, स्वच्छतागृह, लहान खानावळ, कुठेही कार्ड नाकारलं जाऊ शकतं. बूट पकड असलेले हवेत. इथला दगड पाटीचा, म्हणजे स्लेटचा, पाऊस पडला की निसरडा होतो.

सावधान: पाणी कमी असताना काठाशी वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि मुलं पाण्यात उतरतात. उतरू देऊ नका. प्रवाह जोरदार आहे, आणि मोठं मालवाहू जहाज जाताना पाणी आधी मागे ओढलं जातं, मग एकदम काठावर येतं.

टप्पा ८: नदीवर असताना कुठे आहोत ते ओळखणं

बोटीवरचं निवेदन ऐकू आलं नाही तर काठावरच्या मोठ्या पांढऱ्या पाट्या बघा. कोन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले हे किलोमीटर आहेत आणि प्रवाहाच्या दिशेने आकडा वाढत जातो. बाखाराख सुमारे ५४३, काउब ५४६, लोरेलाय ५५४-५५५, सांक्ट गोआर ५५७, बोपार्ड ५७०, मार्क्सबुर्ग ५८०, कोब्लेन्झचा संगम ५९२. ही यादी कागदावर लिहून आजोबांच्या हातात द्या. पुढचा किल्ला कधी येणार हे सगळ्यांना तेच सांगतील.

टप्पा ९: आदल्या रात्रीची तपासणी

रेल्वेच्या अॅपमध्ये उद्याचीच तारीख टाकून गाड्या बघा, महिन्यापूर्वी बघितलेलं वेळापत्रक धरू नका. रुळांच्या कामांसाठी या दरीतले मार्ग कधी दिवसभर, कधी महिनोन्महिने बंद असतात. अशा वेळी 'एस-ई-व्ही' अशी अक्षरं असलेली बदली बस मिळते, पण तिचा थांबा स्थानकाच्या दारात असेलच असं नाही. पाटी शोधायला दहा मिनिटं जास्तीची ठेवा.

मग काउबची पाण्याची पातळी बघा. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती २५ सेंटिमीटरपर्यंत उतरली होती. हा आकडा नदीची खोली दाखवत नाही, तो मोजपट्टीवरचा आहे, पण एवढ्या कमी पाण्यात बोटींचं वेळापत्रक कोलमडतं. पूर आला तर वाहतूकच थांबते. बोट कंपनीच्या पानावर उद्याची सूचना वाचा.

बोट रद्द झाली तर दिवस सोडू नका. डाव्या तीराच्या गाडीत नदीच्या बाजूची खिडकी धरा, तीच दृश्यं थोडी वरून दिसतात. ओबरवेझेलला उतरा, तटावर चढा आणि पाऊस असेल तर लाकडी जिन्यांवर कठडा धरून चाला.